ॲट्रोपिन चालू असताना आप्पा व्हेंटिलेटरवर का गेले?

तुमचा प्रश्न बराच लांब होता, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. संकेश्वरजवळच्या तुमच्या गावी आप्पांनी दिवसभर कोबीवर औषध मारलं. दोन औषधं मिसळली होती. एक क्लोरपायरीफॉस, दुसरं कुठलं ते कुणाला आठवत नाही. पाठीवरचा पंप गळत होता, सदरा भिजला होता आणि नोझल तुंबलं की ते तोंडाने फुंकत होते. संध्याकाळी उलट्या, घामाने चिंब, तोंडाला लाळ, छातीत घरघर. बेळगावला नेलं, रात्रभर ॲट्रोपिन चाललं. सकाळी घाम-लाळ-घरघर थांबली, पण तोंड कोरडं पडलं, नाडी धावायला लागली, असंबद्ध बडबड सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मान उचलेना, श्वास उथळ झाला आणि व्हेंटिलेटर लावावा लागला. आता ते घरी आहेत. मामांचं म्हणणं, ॲट्रोपिन जास्त झालं म्हणूनच मशीनवर जावं लागलं. आणि तुम्ही, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे, विचारता: विष एक, त्याचा उतारा एक, मग अर्धं शरीर सुटलं आणि अर्धं का नाही? शिवाय आप्पांनी पुन्हा तंबाखू सुरू केली आहे आणि शेतात जायची घाई करताहेत, ते चालेल का?

मी फिजिशियन आहे. निपाणी-चिकोडी पट्ट्यात आणि बेळगावच्या आयसीयूत काम करण्यातच बहुतेक वर्षं गेली, आणि फवारणीची विषबाधा हा आमच्याकडचा नेहमीचा विषय. केसपेपर न बघता कुठल्या डोसचा निवाडा मी देणार नाही. पण तुमच्या प्रश्नाचा गाभा डोसात नाहीच. मामांना वाटतं की ॲट्रोपिन हे ‘विषाचा उतारा’ आहे, म्हणजे ते विष मारतं. तसं नाही. ॲट्रोपिन त्या विषाच्या वाटेलाही जात नाही. ते पेशीवर निरोप घेणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, एवढंच. शरीरात त्याच संदेशाला कान देणारी दुसरी जातही आहे आणि तिच्यावर ॲट्रोपिनचा काही अंमल चालत नाही. आप्पांचं जे अर्धं सुटलं ते पहिल्या जातीचं, जे अडकलं ते दुसऱ्या जातीचं.

आता नीट सांगतो.

मज्जातंतूचं टोक आणि त्यापुढची पेशी यांच्यात एक अतिसूक्ष्म फट असते. तंतूतून आलेली विद्युत लहर त्या फटीपाशी संपते. तिथून पुढे निरोप जातो तो रसायनाच्या रूपात. टोकातून ॲसिटिलकोलीन सुटतं, फट ओलांडतं आणि पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतं. निरोप पोचला की ते रसायन लगेच हटवावं लागतं, नाहीतर तोच निरोप पुन्हा पुन्हा वाजत राहील. हटवण्याचं काम फटीतच बसलेलं एन्झाइम करतं, ॲसिटिलकोलिनएस्टरेज. अत्यंत चपळ एन्झाइम आहे. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन तोडतो.

क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. ही नेमकी त्या एन्झाइमच्या कामाच्या जागी जाऊन घट्ट जोडली जातात. एन्झाइम बंद, ॲसिटिलकोलीन साचत जातं. म्हणजे विष रिसेप्टरला हातसुद्धा लावत नाही. जे काही होतं ते शरीराच्याच रसायनाच्या अतिरेकाने होतं. एन्झाइम आपल्यात आणि किड्यात जवळजवळ सारखंच, म्हणून जे कोबीवरच्या अळीला होतं तेच फवारणाऱ्याला.

क्लोरपायरीफॉसची आणखी एक खोड आहे. ते आहे त्या रूपात फारसं जहाल नसतं. यकृतात गेल्यावर त्याचं जहाल रूप तयार होतं. शिवाय ते चरबीत मुरतं आणि तिथून हळूहळू रक्तात उतरत राहतं. म्हणून ‘दुपारपर्यंत तर चांगले होते’ हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो.

आता साचलेलं ॲसिटिलकोलीन सगळीकडे एकच असताना परिणाम इतके वेगवेगळे का? हृदय मंदावतं, पण आतडं जोरात चालतं. डोळ्याची बाहुली आकसते, पायाची पोटरी फडफडते. साखर कारखान्याचा भोंगा आठवा. भोंगा एकच, पण तो ऐकून पाळीवाला सायकल काढतो, घरातली बाई भात चुलीवर ठेवते आणि रात्रपाळी करून आलेला कूस बदलून झोपतो. काय करायचं हे भोंग्यात लिहिलेलं नसतं, ते ऐकणाऱ्याकडे ठरलेलं असतं. ॲसिटिलकोलीनचंही तसंच आहे. त्याचा ‘अर्थ’ त्या रेणूत नाही, तो रिसेप्टरमध्ये आणि रिसेप्टरच्या मागे पेशीत जी यंत्रणा जोडलेली आहे तिच्यात आहे.

हे कळायला माणसाला बराच काळ लागला, आणि त्यात आपल्या निपाणीच्या पिकाचाही वाटा आहे. केंब्रिजमध्ये जॉन लँग्ले यांनी १९०५ मध्ये कोंबडीच्या स्नायूंवर तंबाखूतलं निकोटीन लावून बघितलं. स्नायू आकसला. गंमत अशी की स्नायूकडे जाणारा मज्जातंतू तोडून तो पार सुकून गेल्यावरही निकोटीनने स्नायू आकसतच होता. म्हणजे निकोटीन तंतूवर नाही, थेट स्नायूवर काम करत होतं. त्यावर क्युरारे हे दक्षिण अमेरिकेतलं बाणाचं विष टाकलं की निकोटीनचा परिणाम बंद. पण त्याच स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो आकसायचाच. याचा अर्थ स्नायू शाबूत आहे, क्युरारेने फक्त निरोप घेणारी जागा अडवली आहे. पेशीत अशी ‘घेणारी’ वस्तू असली पाहिजे हे लँग्ले यांनी तिथून मांडलं. पुढे १९१४ मध्ये हेन्री डेल यांनी दाखवलं की ॲसिटिलकोलीनचे काही परिणाम निकोटीनसारखे आहेत, तर काही मस्करीन या विषारी अळंबीतल्या द्रव्यासारखे. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाकडे जाणारा व्हेगस हा मज्जातंतू चेतवला, त्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर ओतलं आणि ते दुसरं हृदयही मंदावलं. मज्जातंतू हृदयाशी रसायनातून बोलतो हे त्या दिवसापासून पक्कं झालं. १९३६ चं नोबेल डेल आणि लोवी या दोघांना मिळालं. निकोटिनिक आणि मस्करिनिक ही दोन नावं आजही आमच्या रोजच्या वापरात आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच विभागणीत आहे.

निकोटिनिक रिसेप्टर म्हणजे पाच प्रथिनांनी मिळून केलेली एक नळी, पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेली. एरवी बंद. दोन ॲसिटिलकोलीन येऊन बसले की ती उघडते, सोडियम आत घुसतो, स्नायूत विद्युत लहर उठते. हे सगळं हजारांश सेकंदाच्या हिशेबात. मध्ये कुणी दलाल नाही. हात-पाय, मान, बरगड्यांमधले स्नायू, श्वासाचा पडदा, म्हणजे आपण इच्छेने हलवतो ते सगळे स्नायू या जातीवर चालतात.

मस्करिनिक रिसेप्टरचा कारभार वेगळा. तो नळी नाही. एक लांब प्रथिनसाखळी पडद्यातून सात वेळा आत-बाहेर विणलेली असते. बाहेरच्या बाजूला ॲसिटिलकोलीन बसलं की साखळीचा आतला भाग थोडा सरकतो, आणि तिथे टेकून बसलेलं जी-प्रथिन जागं होतं. जागं होतं म्हणजे, स्वतःत धरलेला जीडीपी हा छोटा रेणू सोडून त्याजागी जीटीपी हा दुसरा घेतं आणि पुढच्याला हलवतं. लाळेच्या ग्रंथीत ते फॉस्फोलायपेज सी या एन्झाइमला चालना देतं, त्यातून आयपी-३ हा छोटा रेणू तयार होतो, तो पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतो आणि ग्रंथी लाळ गाळते. श्वासनलिकेच्या भिंतीत हाच मार्ग, पण तिथे कॅल्शियमने लाळ गळत नाही, नलिका आवळली जाते. हृदयाच्या गतिकेंद्रात जी-प्रथिनाची दुसरी जात असते. ती पोटॅशियमची दारं उघडते आणि ठोके मंदावतात. मधे इतके टप्पे असल्यामुळे ही वाट निकोटिनिकपेक्षा संथ. पण प्रत्येक टप्प्यावर एकाचे अनेक होतात, म्हणून थोड्या ॲसिटिलकोलीनमधूनही मोठा परिणाम उठतो. आप्पांची छाती पाण्याने भरल्यासारखी घरघरत होती ती याच वाढीमुळे. जी-प्रथिनातून काम करणाऱ्या या कुळातल्या रिसेप्टरांवरच्या कामासाठी, रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना, २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दम्याचा पंप, रक्तदाबाची मेटोप्रोलॉलची गोळी, सर्दीची झोप आणणारी गोळी, सगळ्यांची बसण्याची जागा याच कुळात.

आता ॲट्रोपिन. ते मस्करिनिक रिसेप्टरच्या त्याच जागेवर बसतं जिथे ॲसिटिलकोलीन बसतं, पण बसून काहीच करत नाही. जागा अडवून ठेवतं. चिकटून कायमचं राहत नाही. येतं, सुटतं, पुन्हा येतं. म्हणजे दोघांत जागेसाठी सतत चढाओढ, आणि ज्याची संख्या जास्त त्याची सरशी. त्यामुळे किती ॲट्रोपिन लागेल हे वजनावरून ठरत नाही, समोर किती ॲसिटिलकोलीन साचलंय त्यावर ठरतं.

नातेवाईक घाबरतात ते इथेच. आपल्याकडे ॲट्रोपिनचा ॲम्प्युल ०.६ मिलीग्रॅमचा येतो. सुरुवातीला तीन ॲम्प्युल दिले, म्हणजे १.८ मिलीग्रॅम, आणि पाच मिनिटांनी छाती ओलीच असेल तर डोस दुप्पट करायचा: सहा, मग बारा, मग चोवीस. वीसेक मिनिटांत पंचेचाळीस फुटलेल्या काचा ट्रेमध्ये पडलेल्या असतात आणि दारातून बघणाऱ्या माणसाला वाटतं, हे काय चाललंय. ऑपरेशनआधी एखादा ॲम्प्युल देतात तेच हे औषध, म्हणून ती संख्या वेड्यासारखी वाटते. पण विषबाधेत ती संख्या पद्धतीला धरूनच आहे.

थांबायचं कधी, हे आम्ही मशीनपेक्षा हाताने जास्त ठरवतो. स्टेथोस्कोप छातीच्या खालच्या भागावर, मागून, दोन्ही बाजूंना: करकर थांबली का? काखेत बोटं घालून बघायची: कोरडी का? नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिलेल्या नाहीत. यात सगळ्यात महत्त्वाची छाती. नुसत्या नाडीवर किंवा नुसत्या बाहुलीवर भिस्त ठेवली तर फसगत होते. हे जमलं की थेंबाथेंबाने चालू ठेवायचं. पुढे जर पोटाचा आवाज बंद झाला, ताप चढला आणि रुग्ण हवेत काहीतरी पकडायला लागला, चादर ओढायला लागला, तर ॲट्रोपिन जास्त होतंय. थोडा वेळ बंद करून कमी वेगाने पुन्हा. ॲट्रोपिन मेंदूत शिरतं आणि मेंदूतही मस्करिनिक रिसेप्टर भरपूर आहेत, म्हणून ही बडबड.

तर मामांच्या म्हणण्यात तथ्य आहे का? अर्धं. दुसऱ्या दिवशीची बडबड आणि धावती नाडी ॲट्रोपिनची असण्याची शक्यता बरीच आहे. पण तिसऱ्या दिवशी मान न उचलणं हे ॲट्रोपिनचं असूच शकत नाही, कारण मानेचे स्नायू निकोटिनिक रिसेप्टरवर चालतात आणि आम्ही देतो त्या प्रमाणात ॲट्रोपिनचा त्या रिसेप्टरशी संबंधच येत नाही. कमी दिलं असतं तर मान उचलली असती असं नाही. कमी दिलं असतं तर कदाचित पहिल्याच रात्री छाती भरून जीव गुदमरला असता.

मग मानेचं काय झालं? स्नायूच्या टोकाशी साचलेलं ॲसिटिलकोलीन निकोटिनिक नळ्या सारख्या उघडत राहतं. सुरुवातीला त्यामुळे स्नायू फडफडतात. पोटरी, पापणी, छातीवर कातडीखाली किडे वळवळल्यासारखं दिसतं. तुमच्या घरच्यांनी पहिल्या रात्री ते पाहिलं असेल. पण रिसेप्टरचा एक स्वभाव आहे. संदेश थांबेचना तर तो ऐकणं बंद करतो. ॲसिटिलकोलीन चिकटलेलं असूनही नळी मिटून घेते. पेशी काही रिसेप्टर पृष्ठभागावरून कमीही करते. परिणाम असा की मेंदूचा हुकूम येतो, तंतू तो पोचवतो, फटीत रसायन तुडुंब आहे आणि तरीही स्नायू ढिम्म.

२४ ते ९६ तासांच्या दरम्यान येणारी ही दुबळेपणाची अवस्था १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट वेगळी काढून दाखवली. नेमकी यंत्रणा अजून पूर्ण उलगडलेली नाही, पण स्नायूच्या टोकाशी असलेला हा बिघाडच मुळाशी आहे असं बहुतेकांचं मत. ती आधी मानेत दिसते, मग खांदे-मांड्यांचा वरचा भाग, मग श्वासाचे स्नायू. लाळ-घाम थांबलेला असतो, रुग्ण शुद्धीवर येत असतो, घरच्यांना वाटतं संकट टळलं, आणि नेमकं तेव्हा. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत आम्ही दर फेरीला दोनच गोष्टी करून घेतो: ‘उशीवरून डोकं उचला’ आणि ‘एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ते म्हणा’. आपल्याकडे रुग्ण स्वतःहून म्हणतो, ‘डॉक्टर, मान धरवत नाही.’ हे वाक्य मराठीत येवो की कन्नडमध्ये, सिस्टरनी ते ऐकलं की लगेच फोन करायचा अशी आमच्या वॉर्डात ताकीद असे. श्वास थांबेपर्यंत वाट बघून घाईने नळी घालण्यापेक्षा आधीच ठरवून घातलेली बरी.

तुम्हाला आता वाटेल, मस्करिनिक जात अडवायला ॲट्रोपिन आहे तर निकोटिनिक अडवायला काहीतरी का देत नाहीत? अशी औषधं आहेत, भूल देताना रोज वापरतात. पण निकोटिनिक रिसेप्टर अडवला तर स्नायू लुळा पडतो, म्हणजे जे टाळायचंय तेच. तिथे अडवून उपयोग नाही; नळ्या पुन्हा कामाला लागेपर्यंत श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवा. ते काम व्हेंटिलेटर करतो. म्हणून मी नातेवाइकांना सांगतो की निकोटिनिक बाजूचा उतारा बाटलीत नाही, तो मशीनमध्ये आहे. बरेच जण एक ते तीन आठवड्यांत सुटतात.

याच चित्राची उलटी बाजू आमच्या भागात उसाच्या फडात दिसते. नाग चावला की त्याच्या विषातलं एक द्रव्य स्नायूच्या निकोटिनिक रिसेप्टरवर बसून तो अडवतं. पापण्या जड होतात, मान पडते, श्वास जातो. तिथे सापाच्या प्रतिविषाबरोबर आम्ही निओस्टिग्मीन देतो, म्हणजे ॲसिटिलकोलिनएस्टरेज तात्पुरतं बंद करणारं औषध. फवारणीच्या विषाचाच तो सौम्य भाऊ म्हणायचा! ॲसिटिलकोलीन मुद्दाम साचवायचं, म्हणजे ते नागाच्या विषाला जागेवरून ढकलेल. आणि लाळ-घरघर होऊ नये म्हणून सोबत ॲट्रोपिन. एकाच रुग्णात एका जातीचा रिसेप्टर मोकळा करायचा आणि दुसऱ्या जातीचा अडवायचा. मण्यारीच्या दंशात मात्र हा डाव सहसा चालत नाही, कारण तिच्या विषाचा मोठा मारा रिसेप्टरवर नाही तर अलीकडच्या तंतूच्या टोकावर असतो. ॲसिटिलकोलीन सुटतच नाही तर साचवणार काय? रिसेप्टर पाठ करायचं प्रकरण वाटत असेल तर या दोन सापांची तुलना एकदा कागदावर काढून बघा.

‘पाम’बद्दलही तुम्ही विचारलं होतं. पाम, म्हणजे प्रालिडॉक्सिम, हे एकच असं औषध की जे खरोखर विषाच्या मुळाशी जातं. एन्झाइमला जोडलेलं विष ते ओढून काढतं आणि एन्झाइम पुन्हा चालू करतं. कागदावर बघितलं तर दोन्ही जातींचा प्रश्न सुटायला हवा. प्रत्यक्षात वेळेची अडचण आहे. एन्झाइमला चिकटलेलं विष काही काळाने असं बदलतं की मग ते निघत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्यांत हा अवधी काही तासांचाच, क्लोरपायरीफॉसच्या गटात दीडेक दिवसाचा, प्रोफेनोफॉसमध्ये फारच थोडा. म्हणून ती दुसरी बाटली कुठली होती याला इतकं महत्त्व आहे. अभ्यासांचंही एकमत नाही. आपल्या जवळच्या बारामतीत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या डोसचा सलग पाम फायद्याचा दिसला. २००९ च्या श्रीलंकेतल्या चाचणीत फायदा दिसला नाही. मी स्वतः लवकर आलेल्या रुग्णाला देतो, दोन-तीन दिवस उलटून आलेल्याला देऊन उपयोग होईल अशी आशा ठेवत नाही. दुसरा डॉक्टर वेगळं करेल आणि त्याचंही चुकलं असं म्हणता येणार नाही.

तुमच्या आप्पांच्या बाबतीत आणखी एका गोष्टीचा विचार मी केला असता. नुसत्या कातडीतून गेलेल्या विषाने व्हेंटिलेटरपर्यंत वेळ येणं हे पोटात गेलेल्या विषापेक्षा कमी दिसतं. पण भिजलेला सदरा दिवसभर अंगावर, उन्हाने घामेजलेली कातडी, त्यात तोंडाने फुंकलेलं नोझल, हे सगळं एकत्र आलं तर जमून येतं. उलटी श्वासनलिकेत गेल्याने न्यूमोनिया होऊन मशीन लागतं, असंही होतं. छातीचा एक्स-रे बघितल्याशिवाय मी ते नाकारणार नाही. मान आधी गेली, हा तुम्ही सांगितलेला क्रम मात्र स्नायूंकडे बोट दाखवतो.

पुढच्या वेळी फवारायला कुठलं औषध घ्यावं, असं तुमच्या भावाने विचारल्याचं लिहिलंय. हा कृषी खात्याच्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे, पण रिसेप्टरच्या अंगाने एक सांगतो. इमिडाक्लोप्रिड आणि त्याची भावंडं एन्झाइमला हात लावत नाहीत, ती थेट निकोटिनिक रिसेप्टरवर बसतात. म्हणजे काम निकोटीनचंच. पूर्वी शेतकरी तंबाखूचा काढा फवारायचे त्याचीच ही पुढची पिढी. फरक असा की किड्यांच्या निकोटिनिक रिसेप्टरमधली बसायची जागा आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीची असते आणि ही औषधं तिथे घट्ट बसतात, आपल्या रिसेप्टरवर सैल. म्हणून फवारणाऱ्याला धोका त्यामानाने कमी. पण मधमाशीही किडाच, तिला ती लागतात. आणि घोटभर प्यायली तर माणसालाही. पंप गळका असेल तर कुठलंही औषध असलं तरी आधी पंप दुरुस्त करा.

तंबाखूचं. पहिल्यांदा खाणाऱ्याला तंबाखू लागते तेव्हा जे होतं, घाम, मळमळ, गरगर, ते निकोटिनिक रिसेप्टरवरचं निकोटीनच. हात-पायाच्या स्नायूंवर नाही, मेंदूतल्या आणि मज्जातंतूंच्या गाठींमधल्या रिसेप्टरवर. रोज खाणाऱ्याचे रिसेप्टर सरावतात, म्हणून आप्पांना काही जाणवत नाही. चिमूटभर तंबाखूने त्यांची मान पुन्हा पडेल असं नाही. तोंडाच्या कॅन्सरचं काय ते तुम्हाला माहीत आहे, निपाणीच्या बाजूला राहून ते मी वेगळं सांगायला नको. तीन-चार आठवडे पोटात तंबाखू नव्हती, शरीराची तलफ उतरलेली असते. सोडायची तर याहून सोपी वेळ परत येत नाही. एवढं त्यांना माझ्या नावाने सांगा.

फवारणीला मात्र इतक्यात नाही. रक्तातल्या कोलिनएस्टरेजच्या दोन तपासण्या असतात. प्लाझ्मातलं एन्झाइम यकृत नवं बनवतं, ते काही आठवड्यांत भरून येतं. तांबड्या पेशींतलं, जे फटीतल्या एन्झाइमचं खरं जुळं, ते नव्या तांबड्या पेशी तयार होतील त्याच वेगाने, म्हणजे दिवसाला साधारण एक टक्का. पेशीचं आयुष्य १२० दिवसांचं. आप्पांना ‘बरं वाटतंय’ आणि त्यांच्याकडे अजून अर्धंच एन्झाइम आहे, ही स्थिती दोनेक महिने सहज असू शकते. त्या काळात एरवी पचलं असतं तेवढं फवारणीचं औषधही बाधतं. तेव्हा तांबड्या पेशींतलं कोलिनएस्टरेज सामान्य आल्याशिवाय त्यांनी पंप उचलायचा नाही, आणि दुसऱ्याने मारलेल्या फडात त्याच दिवशी शिरायचंही नाही. भांगलण, पाणी सोडणं ही कामं ताकद येईल तशी करू देत.

दोन-तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या, पोटऱ्यांत गोळे किंवा चालताना पाऊल घासणं असं काही दिसलं तर दाखवायला न्या. ते रिसेप्टरचं प्रकरण नसतं, लांब मज्जातंतूंची इजा असते आणि ती उशिरा येते.

डिस्चार्ज कार्डावर कोलिनएस्टरेजचा आकडा असेल तर तो त्या लॅबने छापलेल्या सामान्य मर्यादेसकट लिहून पाठवा. मर्यादेशिवाय नुसता आकडा मला काही सांगत नाही, कारण प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी. आणि गोठ्यात किंवा बांधावर ती दुसरी बाटली पडलेली असेल तर हातमोजे घालून तिच्यावरचं नाव बघा.